घसरण्याचा हक्क

रेल्वे नावाचा सगळा डोलारा घसरण्यावर उभा आहे, हे गाडीत बसलेल्या माणसाला कोणी सांगत नाही ते एका अर्थी बरंच आहे. पोलादी चाक, पोलादी रूळ, आणि दोघांची गाठभेट होते ती जेमतेम बोटाच्या नखाएवढ्या जागेवर. दोघंही कठीण, दबायला कोणीच तयार नाही. म्हणून चाक विनातक्रार गडगडत जातं आणि एक इंजिन हजारो टन माल ओढून नेतं. रस्त्यावरच्या ट्रकला हे जन्मात जमायचं नाही. पण ज्या गुळगुळीतपणामुळे गाडी इतक्या स्वस्तात धावते, त्याच गुळगुळीतपणामुळे ती निघताना आणि थांबताना रुसते. चाकाला पकड हवी आणि पकड नकोही. गेली दोनशे वर्षं रेल्वेचे इंजिनिअर या एका भांडणावर पोट भरत आले आहेत.

सुरुवातीला तर गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर काही ओढू शकेल, यावर फारसा कोणाचा विश्वासच नव्हता. १८१२ साली लीड्सजवळच्या मिडलटन कोळसामार्गावर जॉन ब्लेंकिन्सॉपने रुळाला दाते पाडले आणि इंजिनाला दातेरी चाक दिलं. विल्यम ब्रंटन त्याच्याही पुढे गेला. त्याने १८१३ मध्ये इंजिनाच्या मागे चक्क दोन पाय बसवले. इंजिन पायांनी जमीन रेटत पुढे सरकायचं. त्याच सुमारास विल्यम हेडलीने प्रयोग करून दाखवलं, की दाते नकोत आणि पायही नकोत. इंजिनाला पुरेसं वजन असलं की साधं चाक पुरतं. तेव्हापासून पकडीचा प्रश्न वजनाने सुटत आला आहे, आणि वजन अपुरं पडलं तर वाळूने. इंजिनाच्या चाकापुढे बारीक नळी असते, चाक जागच्या जागी फिरू लागलं की ड्रायव्हर तिच्यातून रुळावर वाळू सोडतो. वाळू मात्र कोरडी लागते. आमच्या वसईच्या पावसात कोरडी वाळू ही काय चीज असते ते मी सांगायला नको.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही, कारण घाट आपलेच आहेत. भोर घाटात आणि थळ घाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे. कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात, ती गाडीला ढकलत वर नेतात. नेरळ–माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून २० फुटांमागे १ फूट चढ चढते, तोही दातेरी रुळाशिवाय. २०२३ मध्ये सोलापूरची आणि शिर्डीची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढू लागली, कारण तिचं बळ एका इंजिनात गोळा झालेलं नाही. गाडीभर निम्म्या आसांना मोटारी आहेत. वजन, वाळू, मागून धक्का, वाटून घेतलेलं बळ असे सगळे उपाय झाले. चाकाला रबर लावावं असं मात्र घाटातल्या कोणाला सुचलं नाही. ते सुचलं खेळण्यातली इंजिनं बनवणाऱ्यांना.

माझ्या घरी, वसई पश्चिमेच्या एका मध्यमवयीन इमारतीत, आतल्या खोलीत प्लायवूडच्या टेबलावर एक रेल्वे आहे. प्रमाण १ ला ८७. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर, ते ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस येतं. म्हणजे माझा रूळ भारतीय गाडीला पावणेतीन मिलिमीटर आखूड पडतो. या शौकात ते चालवून घेतात. पण वजनाचं गणित कोणी चालवून घेत नाही. लांबी ८७ पट कमी झाली की रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते, आणि वजन ८७ चा घन, म्हणजे साडेसहा लाख पटींहून थोडं जास्त उतरतं. डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं इंजिन १२३ टनांचं. त्याची माझ्या टेबलावरची प्रतिकृती हिशेबाने भरते १८७ ग्रॅम. पाव किलोसुद्धा नाही.

आता कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल, डबेही त्याच पटीत हलके झाले, मग तक्रार कसली? इंजिन जेवढं कमजोर तेवढं ओझंही कमी. हिशेब बरोबर, पण डब्यांना तो मान्य नाही. खऱ्या डब्याच्या आसाला बेअरिंग असतं. माझ्या डब्याचा आस प्लॅस्टिकच्या खळगीत घासत फिरतो. शिवाय वळणं. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजच्या मुख्य मार्गावर वळण कितीही तीव्र घेतलं तरी त्रिज्या १७५ मीटरच्या खाली नेत नाहीत. खेळण्यातलं नेहमीचं वळण आहे १८ इंच त्रिज्येचं. ते ८७ पट मोठं केलं तर चाळीस मीटर भरतं. एवढ्या वळणावर चाकाची कड रुळाला घासत राहते आणि मागचा प्रत्येक डबा पुढच्याला मागे ओढतो. म्हणजे इंजिनाचं वजन उतरलं हिशेबाप्रमाणे, ओझं मात्र हिशेबाबाहेर वाढलं.

त्यात चढ. वसईची खरी खाडी लोकलने ओलांडताना चढ जाणवतसुद्धा नाही. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धावली, तेव्हा दोन पुलांच्या मधल्या पाणजू बेटावरही तिला थांबा होता, आणि ती गाडी काही धापा टाकत पाणजूला पोचली असेल असं वाटत नाही. माझ्या टेबलावरची खाडी ओलांडायला मात्र घाट चढावा लागतो. पुलाखालून दुसरी लाईन न्यायची हौस, आणि खोलीची लांबी बिल्डरच्या मनाएवढी. त्यामुळे चढ आला आहे ३३ ला १, म्हणजे भोर घाटाहून तीव्र, तोही सपाट म्हणून प्रसिद्ध असलेल्या वसईत. बँकर नाही, वाळू नाही, १८७ ग्रॅमची ऐपत. इंजिन पुलाच्या पायथ्याशी येतं, चाकं जोरात फिरवतं आणि जागेवर उभं राहतं.

इथे येतो ट्रॅक्शन टायर. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी आहे. इंजिनाच्या एखाद-दोन चाकांना घेरावर उथळ खाच पाडलेली असते आणि त्या खाचेत रबराचं किंवा सिलिकॉनचं बारीक कडं बसवलेलं असतं. रबराची धातूवरची पकड धातूच्या धातूवरच्या पकडीपेक्षा कितीतरी जास्त. कडं बसवलं की तेच इंजिन, तेवढ्याच वजनात, अख्खी गाडी घेऊन पूल चढतं आणि पलीकडे उतरतं. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला वाटतं, प्रश्न मिटला.

प्रश्न तिथून सुरू होतो. खेळण्यातलं इंजिन वीज घेतं ती वरच्या तारेतून नव्हे, रुळातून. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण, आणि चाकं ती उचलून मोटारीला देतात. रबरातून वीज जात नाही. म्हणजे ज्या चाकाला पकड दिली, त्याच चाकाची वीज तोडली. आठ चाकांच्या इंजिनात दोन रबरी झाली, तर वीज गोळा करायला उरली सहा. आणि त्यातलं एखादं सांध्यावरच्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आलं, एखादं धुळीच्या कणावर चढलं, की इंजिन गचका खाऊन थांबतं. ज्यांच्या इंजिनात आवाजाची चिप असते त्यांची तर फटफजिती. भोंगा वाजता वाजता अर्ध्यावर तुटतो आणि इंजिन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्याचा आवाज काढतं.

वसईची हवा या भांडणात तेल ओतते. आमच्याकडे समुद्र जवळ, हवा खारी आणि जूनपासून दमट. पितळी रूळ बघता बघता काळवंडतो. निकेल-सिल्व्हरचा थोडा जास्त तग धरतो, पण पुसावा तोही लागतोच. त्यात रबरी कडं रुळावरून फिरताना आपलं अंग थोडं थोडं सोडतं आणि वाटेतली धूळ, सतरंजीचा धागा, मांजराचा केस असं सगळं गोळा करून पुढच्या चाकांच्या वाटेवर पसरतं. म्हणजे वीज गोळा करणाऱ्या चाकांचं काम रबरी चाकं अवघडही करतात आणि घाणही. इंजिनात तेल घालताना थेंब रबरावर उतरला तर रबर फुगतं, सैल होतं आणि एके दिवशी चाकावरून उतरून आसाला गुंडाळलं जातं. तेल नाही लागलं तरी काही वर्षांत ते कडक होऊन तडकतं. पोलादी चाकाला म्हातारपण येतं ते सावकाश. रबराला येतं ते कपाटात ठेवल्या ठेवल्या.

सगळ्यात मोठा तोटा मात्र याहून सूक्ष्म आहे. तो मला आमच्या इमारतीतल्या एका काकांनी समजावला. काका निवृत्त मोटरमन. विरार–चर्चगेट हा रस्ता त्यांना तोंडपाठ, आणि माझ्या टेबलाकडे ते इतकी वर्षं जरा दयाबुद्धीनेच पाहत आले आहेत. एका संध्याकाळी त्यांनी इंजिन उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “हे चाकाला काय चिकटवलंयस?”

“रबर आहे काका. चढावर घसरत होतं.”

“घसरू दे की मग. घसरतं म्हणजे ते तुला सांगतंय, की ओझं जास्त झालं. तू त्याचं तोंडच बांधून टाकलंस.”

मी म्हटलं, घसरलं तर गाडी वर कशी जाणार? त्यावर ते म्हणाले, “आमच्या वेळी पहिल्या पावसाला सगळ्यात जास्त भीती. मुसळधार आला की रूळ धुऊन निघतो, तेव्हा काही नाही. पण नुसती भुरभुर झाली की धूळ आणि तेल मिळून रुळावर सारवण होतं. चाक घसरलं की हाताला कळतं. मग पॉवर कमी करायची, पुन्हा हळू घ्यायची. घसरणारं चाक वाचतं. जे चाक अडकून घासत जातं, त्याला सपाट डाग पडतो आणि मग ते कारशेडपर्यंत ठकठक करत बोंबलतं.”

काकांचं म्हणणं खेळण्यालाही लागू आहे. धातूच्या चाकाच्या इंजिनाला पुढे अडथळा आला तर चाकं जागच्या जागी फिरतात, मोटार फिरत राहते, नुकसान कशाचंच होत नाही. रबरी चाकाचं इंजिन घसरत नाही. ते अडथळ्याला भिडून उभं राहतं. चाक थांबलं की मोटार थांबते, वीज मात्र येतच राहते, मोटार तापते आणि प्लॅस्टिकच्या दातेरी चक्राला तडा जातो. पकड इतकी घट्ट, की हार मानायची सोयच राहिली नाही.

“आणि एवढं रबरच लावायचं, तर रूळ तरी कशाला? बस घे,” असा समारोप करून काका चहाला बसले. मी त्यांना पॅरिसची गोष्ट सांगितली. तिथल्या मेट्रोच्या ११ नंबरच्या मार्गावर १९५६ पासून खरीखुरी माणसं वाहणारी गाडी रबरी टायरांवर धावते. चढ जोमाने चढते, झटकन सुटते, झटकन थांबते. पुढे माँट्रियलने १९६६ मध्ये आणि मेक्सिको सिटीने १९६९ मध्ये तोच मार्ग धरला. काका म्हणाले, “मग करंट परत कुठून जातो?” प्रश्न मोटरमनचाच होता, आणि नेमका होता. पॅरिसच्या गाडीला रबरी चाकांच्या आत पोलादी चाकं आहेतच, खाली पोलादी रूळही ठेवलेला आहे, आणि करंट परतण्यासाठी त्या रुळावर घासत जाणारा वेगळा तुकडा बसवावा लागला आहे. म्हणजे इतकी मोठी मेट्रोसुद्धा माझ्या टेबलावरच्याच पेचात सापडली. पकड एका चाकाकडे द्यायची, तर संपर्क दुसऱ्या कोणाकडे सोपवावा लागतो. काकांनी हे ऐकून चहात बिस्किट बुडवलं. म्हणजे मान्य.

या पेचावर जगात दोन पंथ पडले आहेत. अमेरिकन पंथ साधारणपणे म्हणतो, रबर नको. इंजिन जड करा, सगळी चाकं ओढू द्या आणि सगळ्यांनाच वीज उचलू द्या. युरोपियन पंथाला, विशेषतः जर्मनांना, रबराचं वावडं नाही. त्यातही मार्कलिनची तऱ्हा न्यारी. त्यांची वीज रुळांच्या मधोमध ओळीने बसवलेल्या बारीक टाचण्यांवरून येते आणि इंजिनाच्या पोटाखालची पट्टी ती उचलते, त्यामुळे चाकाला रबर लावलं तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. आणि एक तिसरी, चुंबकी वाट होती. ब्रिटनच्या ट्रायँगने १९६० च्या दशकात इंजिनाच्या पोटात चुंबक बसवले. ते पोलादी रुळाला ओढून धरत, म्हणजे वजन न वाढवता वजनाचा परिणाम. युक्ती नामी, पण रूळ पोलादी असेल तरच. शौकीन निकेल-सिल्व्हरच्या रुळाकडे वळले आणि चुंबकाचं प्रेम एकतर्फी ठरलं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. तिथे मुलं गाड्यांकडे पाहतात, माझ्यासारखे चाकांकडे. अशा ठिकाणी एक गोष्ट नक्की कळते: गाडी एकदा धावली की पाहणाऱ्याला पकड दिसत नाही, वजन दिसत नाही, नुसती गाडी दिसते. खटाटोप पाहणाऱ्याच्या वाट्याला येत नाही, आणि येऊही नये.

आता तुटलेलं कडं बदलायचं कसं, हा व्यवहाराचा भाग. परदेशातून मागवलं तर रबरापेक्षा टपाल महाग. पण वसईला पूर्व आहे. वालीव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांमध्ये वळवणारे, कापणारे, ओतणारे किती लोक बसले आहेत, याची पश्चिमेच्या माणसाला कल्पना नसते. ओळखीच्या ओळखीने मी तिथल्या एका गाळ्यात पोचलो. मालकांनी इंजिन तळहातावर घेतलं, चाकाची खाच पाहिली आणि विचारलं, “जाडी किती पाहिजे? खाच भरून वर किती यायला पाहिजे?” मी म्हटलं, थोडंसं वर, म्हणजे पकड चांगली. त्यांनी मान हलवली. “वर आलं की शेजारचं चाक हवेत उचललं जाईल साहेब. रबर चाकाच्या बरोबरीने पाहिजे. केसभर जास्त नाही.” आयुष्यात रेल्वेचा नाद न केलेल्या माणसाने या शौकातला सगळ्यात महत्त्वाचा नियम एका वाक्यात सांगून टाकला. जाड कडं बसवलेलं इंजिन डुलत चालतं, शेजारचं चाक रुळाला शिवत नाही आणि वीज आणखी तुटते. पकड वाढवायच्या हव्यासात बाकीच्यांचे पाय जमिनीवरून सुटतात.

या वाक्याने माझ्या डोक्यात घर केलं, कारण घराचंही असंच असतं. घरात एक-दोन माणसं ओढणारी असतात. चढ आला, कर्ज आलं, आजारपण आलं, की ती रुळाला चिकटून गाडी वर नेतात. पण त्यांच्यातून वीज वाहत नाही. कोणाच्या घरी काय चाललंय, कोणाचं बोलणं तुटलंय, भुईगावच्या मावशींना फोन केला का, नातवाचा वाढदिवस केव्हा, हे त्यांना ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं दुसऱ्यांना. ती माणसं ओझं ओढताना दिसत नाहीत, प्रसंगी घसरतातही, रागावतात, रडतात, पुन्हा हसतात. पण ती सतत शिवलेली असतात आणि सगळ्या घराला चालायची वीज त्यांच्यामार्फत येते. ओढणाऱ्याला वाटतं, गाडी आपल्यामुळे चालते. त्याचं चूक नाही, फक्त अर्धंच बरोबर आहे. हे मी घरी बोलून दाखवलं तेव्हा उत्तर आलं, “अहो, मग रूळ पुसायचं काम कोणत्या चाकाचं?” या प्रश्नाचं उत्तर अजून एकाही पंथाने दिलेलं नाही.

मला कोणी सल्ला विचारलाच, आणि या शौकात न विचारताही देण्याची पद्धत आहे, तर मी असं सांगेन. घर सपाट असेल, गाडी लहान असेल, तर रबराच्या वाटेला जाऊ नका. इंजिनाच्या पोकळीत शिशाचा तुकडा बसवा, डब्यांचे आस साफ करा, वळणं मोठी ठेवा. निम्मी पकड तिथेच मिळते. चढ टाळता येत नसेल, तर रबर लावा, पण दोनच चाकांना, आणि तीही अशी निवडा की दोन्ही रुळांवर शिवणारी चाकं पुढेही राहतील आणि मागेही. जाडी चाकाच्या बरोबरीने. तेल बेताने. पावसाळा संपला की कडं काढून, बोटांनी ताणून पाहा. तडा दिसला तर हळहळू नका, बदला. आणि बाकीच्या चाकांना घसरू द्या. घसरणं हा त्यांचा दोष नाही, मोटार वाचवायची ती त्यांची रीत आहे.

तरीही आमच्यात एखादा उत्साही असा निघतोच, की ज्याला दोन चाकांच्या रबराने समाधान होत नाही. तो चारांना लावतो, मग सहांना, आणि शेवटी एकही चाक उघडं ठेवत नाही. असं इंजिन हातात घेऊन पाहण्यासारखं असतं. चढावर ठेवा, उतारावर ठेवा, बोटाने ढकलून पाहा, तसूभर हलायचं नाही. जगात त्याच्याइतकं घट्ट उभं राहणारं इंजिन दुसरं नाही. फक्त ते उभंच राहतं.